चित्रपटगृहातील शेजारधर्म

तिकीट काढून चित्रपटगृहात शिरणारा मनुष्य नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. तीन तासांपुरती एक खुर्ची आणि समोरच्या पडद्यावरील खेळ एवढे तर तो घेतोच. पण त्याखेरीज भोवतालच्या शे-दोनशे अनोळखी माणसांचे मौनही आपण त्याच पैशांत विकत घेतले आहे, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कोठे लिहिलेली नाही. तथापि ती मोडली म्हणजे जो संताप होतो, तो लेखी करार मोडल्यावर होणाऱ्या संतापाहून तिळमात्र कमी नसतो. मागच्या रांगेतून 'शुक् शुक्' सुरू होते, माना वळतात, कोणी तरी दाराशी उभ्या असलेल्या नोकराला हाक मारतो. आणि हे ज्याच्यामुळे घडले ते नऊ-दहा वर्षांचे एक मूल असेल, आनंदाने खुर्चीवर उभे राहून हात फडफडवीत असेल, किंवा पडद्यावरच्या गडगडाटाने कान दाबून किंचाळत असेल, तर त्याच्या आईला पुढील काही क्षणांत दोहोंपैकी एक गोष्ट करावी लागते: क्षमा मागावयाची, अथवा उठून जावयाचे. बहुधा ती दोन्ही करते.

२००७ साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात असेच घडले. आनंदाच्या भरात नाचणाऱ्या एका स्वमग्न मुलीला चित्रपटगृहातून बाहेर जाण्यास सांगण्यात आले. तिच्या आईने कोलंबिया या गावच्या, एएमसी कंपनीच्या चित्रपटगृहाकडे विचारणा केली, की अशा मुलांसाठी एखादा निराळा खेळ लावता येईल काय? तो लावण्यात आला. आणि पुढे तेथील 'ऑटिझम सोसायटी'च्या सहकार्याने त्या कंपनीने अनेक शहरांतून असे खेळ नियमाने सुरू केले. ब्रिटनमध्ये २०११ पासून 'डायमेन्शन्स' ही संस्था चित्रपटगृहांच्या मोठमोठ्या कंपन्यांना हाताशी धरून हेच कार्य करीत आली आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द लायन किंग' या संगीत नाटकाचाही असा एक प्रयोग झाला.

या खेळांत विशेष असे फार थोडे असते. दिवे अगदी मालवून टाकीत नाहीत, मंद ठेवितात. आवाज उतरवितात. मुख्य चित्रपटापूर्वीच्या जाहिराती बहुधा गाळतात. मुलांनी उठावे, फिरावे, गावे, ओरडावे. कोणी हरकत घेत नाही. घरचा डबा नेण्यास पुष्कळ ठिकाणी मुभा असते, कारण यांतील कित्येक मुले ठराविक दोन-तीन पदार्थांपलीकडे काही तोंडात घालीत नाहीत. ब्रॉडवेच्या प्रयोगाच्या वेळी तर नाट्यगृहात शिरल्यावर काय काय होईल, हे क्रमाने सांगणारी सचित्र माहिती आधीच पुरविण्यात आली होती, आणि एकाएकी लखलखणारे दिवे त्या दिवसापुरते वगळण्यात आले होते.

हे सर्व का लागते, हे समजण्याच्या कामी 'स्वमग्नता' हा शब्द मात्र फारसा उपयोगी पडत नाही. किंबहुना तो दिशाभूलच करितो. शब्द सुंदर आहे. तो कानी पडताच डोळे मिटून आत वळलेला एखादा साधक आठवतो. दोष केवळ मराठीचा नव्हे. मूळच्या 'ऑटिझम' या शब्दातही ग्रीक भाषेतील 'स्व'च बसलेला आहे. ब्लॉयलर या स्विस मनोवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी तो निराळ्याच मनोविकाराच्या संदर्भात बनविला, आणि १९४३ साली बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करिताना तो उचलला. पण कॅनर यांच्या त्याच निबंधात या मुलांना कशाकशाची धडकी भरे, याची एक यादी आहे, आणि ती मोठी बोलकी आहे. तीनचाकी सायकल, झोपाळा, लिफ्ट, धूळ ओढणारे यंत्र, वाहते पाणी, अंडी घुसळण्याचे यंत्र, इतकेच काय, पण वारासुद्धा! आता जो खरोखर स्वतःतच मग्न आहे, त्याला वाऱ्याचे भय का वाटावे? मला तर उलटेच दिसते. आपणा सर्वांच्या मनाला एक उंबरठा असतो. बाहेरच्या शंभर आवाजांतील नव्वद त्याच्या अलीकडेच थांबतात, आणि ते थांबले हेही आपल्याला कळत नाही. ज्या मुलाचा हा उंबरठा झिजलेला आहे, त्याच्या घरात जग सदोदित चपला घालून शिरत असते.

कॅनर यांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेविली आहे. ज्या गोंगाटाने हे मूल भेदरते, तितकाच मोठा गोंगाट ते स्वतः मोठ्या खुषीने करू शकते. म्हणजे भय गोंगाटाचे नसून, न विचारता तो आत घुसतो याचे आहे. पुढे २०१३ साली अमेरिकन मनोवैद्यांच्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांची ही तीव्रता, व कित्येकांच्या बाबतीतील मंदताही, लक्षणांत रीतसर दाखल झाली. आईबापांना ती पाळण्यापासून ठाऊक होती.

तेव्हा आवाज उतरविणे, दिवा ठेविणे, पुढे काय होणार हे आधी सांगणे, यांत कोणताही लाड नाही. पांगळ्याला काठी द्यावी तितके ते सरळ आहे. नैतिक प्रश्न उत्पन्न होतो तो 'निराळा खेळ' यातील पहिल्या शब्दापाशी. आपल्या समाजाला निराळेपणाचा जुना आणि कडू अनुभव आहे. निराळी पंगत, निराळा रांजण, निराळे दार या सर्वांचे समर्थन 'त्यांच्याच सोयीसाठी' या शब्दांनी केलेले आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकले आहे, आणि काहींनी केलेही आहे. तेव्हा स्वमग्न मुलांच्या खेळाचे कौतुक करिताना मन थोडे साशंक राहिले तर ते योग्यच म्हणावयाचे.

मला यातील भेद असा वाटतो. निराळ्या खेळाला गेलेल्या कुटुंबास पुढच्या आठवड्यात नेहमीच्या खेळाला जाण्याची मोकळीक जर तितकीच राहिली, तर निराळा खेळ ही सोय आहे. पण 'यांच्यासाठी सकाळचा खेळ असतो ना, मग येथे कशाला आले?' असे एक वाक्य जरी मागच्या रांगेतून उमटले, तरी त्याच सोयीचे कुंपण झाले. व्यवस्था तीच, दिवे तेच, आवाज तोच. बदलतो तो इतरांचा तिच्याविषयीचा समज. म्हणून अशा खेळांच्या यशाचा हिशेब त्या खेळाला किती मुले आली यावर न करिता, इतर खेळांतून किती मुलांना उठावे लागले यावर केला पाहिजे. हा हिशेब कोणी ठेवीत नाही, ही गोष्ट निराळी.

याला जे उत्तर देण्यात येते, तेही ऐकून घेतले पाहिजे; कारण मौनाची बाजू खोटी नाही. कमी ऐकू येणारा एक वृद्ध प्रत्येक संवाद जिवाचा कान करून ऐकतो. घरातील आजाऱ्याची शुश्रूषा करून थकलेली एक बाई सहा महिन्यांनी तीन तासांसाठी बाहेर पडलेली असते. यांनी शांततेची अपेक्षा करावी, यात दुष्टपणा कोणता? दोन दुर्बळांच्या गरजा एकमेकींवर आदळतात, तेथे कोणाची बाजू न्याय्य हे सांगणे खरोखरच अवघड आहे, आणि अशा वेळी निराळा खेळ दोघांवरही उपकार करितो. परंतु तक्रार करणारे सारेच वृद्ध किंवा थकलेले असतात, असे मात्र कोणी म्हणू नये.

शिवाय हे मौन आपण समजतो तितके सनातनही नाही. प्रेक्षागारात अंधार करून सर्वांनी मुकाट समोर पाहावे, ही शिस्त युरोपात मुख्यतः वाग्नरच्या बायरॉइट येथील १८७६ सालच्या नाट्यगृहापासून दृढ झाली. तत्पूर्वी श्रीमंत मंडळी उजेडात एकमेकांना न्याहाळीत, बोलत नाटके पाहत. आमच्याकडे संगीत नाटकाच्या भर रंगात 'वन्स मोअर'चा गजर करून मेलेल्या पात्राला पुन्हा उठवून गाणे म्हणावयास लावण्याइतकी मोकळीक रसिकांना होती. जत्रेतील तंबूत पडद्याच्या दोन्ही अंगांना मंडळी बसत. उलट्या बाजूच्यांना नायक डावखुरा दिसे, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. पोरे रडत, निजत, शेंगांची टरफले उडत. आणि ही केवळ जुनी गोष्ट आहे काय? आजही एखादा लोकप्रिय नट पडद्यावर अवतरला की शिट्ट्या वाजतात, नाणी उधळली जातात, तरणीबांड मंडळी पडद्यापुढे नाचतात. दाराशी उभ्या असलेल्या नोकराला त्या वेळी कोणी हाक मारीत नाही. म्हणजे चित्रपटगृहात नाचू नये असा आपला नियम नाहीच. कोणी आणि कोणत्या कारणासाठी नाचावे, एवढाच नियम आहे. मेरीलँडची ती मुलगी तरी दुसरे काय करीत होती?

यावरून प्रस्तुत लेखकास असे वाटते, की आपल्याला खुपते ते आवाजाचे प्रमाण नव्हे, त्याची अनोळख होय. शिट्टी आपण ओळखतो. हात फडफडविणे ओळखत नाही. आणि निराळ्या खेळात आईबापांना जो विसावा मिळतो, तोही बव्हंशी येथूनच येतो. मुलाला उतरविलेल्या आवाजाने बरे वाटते हे खरे; पण आईला बरे वाटते ते शेजारच्या खुर्चीवरील स्त्रीचे मूलही जागचे उठून फिरत आहे, म्हणून. त्या दोन तासांत तिला कोणालाही काही समजावून सांगावे लागत नाही. मुलाच्या कानांसाठी बाजारात आवाज अडविणारी कर्णाच्छादने मिळतात. इतरांच्या वळलेल्या मानांवर तसे काही मिळत नाही.

निराळा खेळ हे सर्वांवर एकच औषध आहे, असाही भ्रम नको. काही स्वमग्न मुलांना मोठा आवाज अंगावर घेणेच प्रिय असते. काहींना मंद दिवा त्रासदायक, पूर्ण अंधार सुखाचा. आणि इतरांचे ओरडणे ज्यांना क्षणभर सोसत नाही, अशांना तर हा मोकळा खेळच सर्वांत कठीण. मुले मोठी होतात, ही गोष्टही या उत्साहात विसरली जाते. पंचविशीतील स्वमग्न तरुणाने जन्मभर बोलक्या प्राण्यांचेच चित्रपट का पाहावे? अमेरिकेत व ब्रिटनमध्ये पुढे प्रौढांच्या चित्रपटांचेही असे खेळ लावण्यात येऊ लागले, ते याच कारणाने.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यता दिली आहे, आणि सांस्कृतिक जीवनात व करमणुकीत भाग घेण्याचा हक्कही त्यात नमूद आहे. २०२४ साली केंद्र सरकारने चित्रपटगृहांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती मात्र न ऐकू येणाऱ्यांच्या व न दिसणाऱ्यांच्या सोयीपुरती आहेत. ज्यांना फार ऐकू येते व फार दिसते, त्यांचा विचार त्यांत नाही. न दिसणाऱ्या अपंगत्वाची गोष्टच अशी असते. २०१६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने खेळापूर्वी राष्ट्रगीत व त्या वेळी उभे राहणे सक्तीचे केले, तेव्हा थोड्याच दिवसांत अपंगांना उभे राहण्यापासून सूटही दिली. जानेवारी २०१८ मध्ये वाजविण्याची सक्तीच गेली. महाराष्ट्रात मात्र राष्ट्रगीताचा प्रघात त्यापूर्वीपासूनचा आहे. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्याची सूट शेजाऱ्याला दिसते तरी. धडधाकट शरीराचे मूल त्या बावन्न सेकंदांत हेलकावे घेऊ लागले, म्हणजे त्याच्या बापाने सूट कोणाला व कशी दाखवावयाची?

वस्तुतः खर्चाचा प्रश्न येथे जवळजवळ नाहीच. आवाज उतरविण्याची व दिवे मंद करण्याची सोय चित्रपटगृहात आधीपासूनच असते, आणि सकाळचे पुष्कळसे खेळ तसेही अर्धे रिकामे जातात. ज्या गावी असा खेळ नाही, तेथील घरे तो आपल्यापुरता लावून घेतातच. चित्रपट लागून दोन आठवडे उलटू देतात, गर्दी ओसरली की आडवारी सकाळचा खेळ पाहतात, तिकीट काढताना दाराजवळची, कडेची जागा मागून घेतात, आणि जाहिराती संपेपर्यंत मुलाला घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर बसून राहतात. मध्यंतरापर्यंत आत बसता आले, तरी त्या दिवशी घरी जेवताना तेवढ्याच अर्ध्या चित्रपटाच्या गोष्टी चाललेल्या असतात.