गच्चीचा कठडा

देवारीमच्या 22 व्या अध्यायात एक साधी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा. नाहीतर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घराला लागतो. लहानपणी शब्बाथच्या दिवशी ही आज्ञा ऐकताना मला वाटे, ही गवंड्यांसाठी असावी. तिचा खरा अर्थ मला फार उशिरा, गालीलमधील एका दवाखान्यात उमगला.

तेथे आपल्याच समाजातील एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीच्या गालावर रुपयाएवढा व्रण होता. तो दुखत नव्हता, पण महिनोन्‌महिने भरतही नव्हता. येथे लोक या रोगाला ‘शोशनात येरिखो’, म्हणजे येरिखोचे गुलाब म्हणतात. नाव गोड, पण रोग लेशमानियाचा. असा व्रण बरा व्हायला कधी वर्ष लागते, आणि वण जन्मभर राहतो. आई मला म्हणाली, “सिस्टर, आम्ही घर इतकं स्वच्छ ठेवतो. मग आमचं चुकलं कुठं?”

तिचे काहीच चुकले नव्हते. या रोगाचा सूक्ष्म परजीवी वाळूमाशीच्या चाव्यातून येतो. ही माशी डासाहून लहान असते, आवाज न करता संध्याकाळी व रात्री चावते, आणि फार लांब उडू शकत नाही. तिबेरियाच्या परिसरात तिला हा परजीवी मिळतो तो शाफानपासून. मांजराएवढा, बिनशेपटीचा हा प्राणी आपण सर्वांनी डोंगरात पाहिला आहे. तेथील रोगाच्या साथीवर 2003 साली संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात शाफानांमध्येच हा परजीवी सापडला.

आता शाफान माणसाच्या दारात कसा आला? तेहिलीमच्या 104 व्या स्तोत्रात त्याचे घर खडकात सांगितले आहे. वस्ती वाढवण्यासाठी आपण डोंगर फोडले, जमीन सपाट केली आणि निघालेले धोंडे शेवटच्या इमारतीमागे उतारावर लोटून दिले. त्या ढिगाऱ्यांत शाफानाला हव्या तशा कपारी तयार झाल्या. तो तेथे राहायला आला, आणि त्याच्या मागोमाग माशी आली. नेगेवमध्येही याच जातीची गोष्ट घडते. तेथे परजीवी वाळवंटी उंदरांत असतो. शेतीच्या पाण्याने कडेची जमीन ओली राहते, उंदरांना आवडणारी खारी झुडपे वाढतात, आणि त्यांची बिळे वस्तीजवळ येतात.

मग दोष कोणाचा? शाफानाचा नाही, त्याला खडक मिळाला, तो राहिला. ज्याने पहिल्यांदा धोंडे लोटले, त्यालाही मी गुन्हेगार म्हणणार नाही, कारण त्याला ठाऊक नव्हते. मुंबईतही पूर्वी असेच झाले. विहीर खणणे हे पुण्याचे काम मानले जाई. 1911 साली डॉ. बेंटले यांनी आपल्या अहवालात दाखवले की शहरातील मलेरियाचे डास याच विहिरींत वाढतात. विहीर खणणाऱ्याचे पुण्य त्यामुळे खोटे ठरत नाही. पण अहवालानंतरही धर्माच्या नावाने विहिरी उघड्या ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्यांना तीच सवलत देता येईल का? माझ्या मते नाही. अजाणता झालेली चूक क्षम्य असते. कळल्यानंतर तीच चूक कर्ज होते, आणि ते कर्ज बहुधा शेजाऱ्याचे मूल फेडते.

येथे मला स्वतःलाही वगळता येत नाही. त्या मुलीच्या आधी दोन उन्हाळे मी असे व्रण धुतले, मलम लावले, पट्ट्या बांधल्या. ही मुले कोणत्या गल्लीत राहतात, हे मी एकदाही विचारले नाही. विचारले असते तर बहुतेक जण त्याच उताराकडेच्या घरांतले निघाले असते. पुढे विचारले, तेव्हा तसेच निघाले. माझे काम व्रणापाशी संपते, असे मी समजत होते.

घर तर हवेच. आपले आईवडील कोकणातून आणि मुंबईतून येथे आले ते डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून. त्या छपराला कोणी पाप म्हणू नये. पण घराची किंमत चुकती करताना कठड्याचा खर्च त्यातच धरावा. इमारतीमागचे धोंडे उचलून नेणे, कपारी बुजवणे, खिडक्यांना बारीक जाळी लावणे, हे आजचे कठडे आहेत. जाळी आपण लावू शकतो. धोंडे उचलण्याचे काम ठेकेदाराचे आणि नगरपालिकेचे. पण ते मागायला आपणच गेले पाहिजे.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. फोटो काढताना ती अजूनही मान थोडी डावीकडे वळवते. तिच्या गच्चीला कठडा होता. कठडा नव्हता तो घरामागच्या उताराला.