शेजारची सीट

महिला दिनाच्या कार्यक्रमाला आमच्या सोसायटीने ज्या समुपदेशक बाईंना बोलावलं होतं, त्या छान बोलतात. आवाज चांगला, वेळेचं भान चांगलं, हशा कुठे घ्यायचा ते बरोबर ठाऊक. पण शेवटी शेवटी त्यांनी विमानातला तो ऑक्सिजनचा मास्क काढलाच. ‘आधी स्वतःचा मास्क लावा, मग दुसऱ्याला मदत करा, असं विमानात सांगतात ना? आयुष्यातही तेच करा!’ टाळ्या. मग प्रत्येकीला एक सुगंधी मेणबत्ती आणि एक कोरी वही. वहीत रोज रात्री स्वतःबद्दलच्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, मेणबत्ती लावून स्वतःसोबत वीस मिनिटं बसायचं. मार्चमधल्या डोंबिवलीत पंख्याशिवाय वीस मिनिटं कुणी बसू शकत नाही आणि पंखा लावला की मेणबत्ती विझते, हा तपशील भाषणात नव्हता.

हा मास्क हल्ली जिथे तिथे भेटतो. ऑफिसांतल्या ‘वेलनेस’च्या सत्रांत, पुस्तकांत, सकाळच्या व्हॉट्सअॅपवर सूर्योदयाच्या चित्राखाली. तो सांगतो त्यात चूक काही नाही. घरच्यांसाठी राबताना बाईमाणूस स्वतःचं दुखणं अंगावर काढतं, गोळ्या विसरतं, शिळं संपवतं. हे वाचकांना मी नव्याने सांगावं असं नाही. मला खुपतं ते दुसरंच. ती सूचना विमानात कशासाठी देतात, एवढं तरी बघायला हवं होतं.

पस्तीस हजार फुटांवर केबिनमधला हवेचा दाब एकदम गेला, तर माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं ते साधारण अर्धा ते एक मिनिट. तेवढ्यात आई मुलाला मास्क लावायच्या खटपटीत राहिली आणि तिचीच शुद्ध गेली, तर मुलाकडे बघायला कुणी उरत नाही. म्हणून आधी स्वतःचा. काही सेकंदांचं काम, ते झालं की लगेच बाजूला वळायचं. त्या सूचनेचा सगळा डोळा शेजारच्या सीटवर आहे. शिवाय त्या मास्कमधला ऑक्सिजन १२ ते १५ मिनिटंच पुरतो, कारण तेवढ्या वेळात वैमानिक विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतो, असा हिशेब असतो. बाईंच्या भाषणात मात्र मास्क लावला आणि भाषण संपलं. शेजारी कोण बसलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांनी मानसशास्त्रज्ञ मॅस्लोचा गरजांचा पिरॅमिडही दाखवला होता. खाली अन्न-पाणी, मग सुरक्षितता, मग नाती, मग मानसन्मान आणि टोकावर आत्मपूर्ती, म्हणजे आपण. मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात तो त्रिकोण नाहीच. तो नंतर इतरांनी काढला. आणि उतारवयात खुद्द मॅस्लोने आत्मपूर्तीच्याही वर आणखी एक पायरी मानली होती, ‘स्व’च्या पलीकडे जाण्याची. ती पायरी व्याख्यानांच्या स्लाइडवर सहसा पोचत नाही.

माझी एक लाडकी विभागणी आहे. मी ती सगळीकडे लावते म्हणून घरचे हसतात. काही गोष्टी करायच्या असतात आणि काही व्हायच्या असतात. चालायला जाणं, रक्तदाबाची गोळी घेणं, वेळेवर अंथरुणाला पाठ टेकणं ही करायची कामं. ठरवलं की होतात. झोप, मैत्री, समाधान या व्हायच्या गोष्टी. त्यांच्यामागे हात धुऊन लागलं की त्या पळतात. ‘आज मी आठ वाजता समाधानी होणार’ असं वहीत लिहून कुणी समाधानी झालेलं मी पाहिलेलं नाही. भाषणातल्या सगळ्या युक्त्या पहिल्या जातीच्या होत्या आणि आश्वासनं सगळी दुसऱ्या जातीची.

पण या विभागणीला एका जागी कधीचाच तडा गेलेला आहे, तो हास्यक्लबमुळे. मार्च १९९५ मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी जेमतेम पाच माणसं जमवून पहिला क्लब सुरू केला. आधी रोज एकेकाने विनोद सांगायचा, असं होतं. थोड्याच दिवसांत विनोद संपले, उरलेले कुणाला तरी लागायला लागले. मग त्यांनी विनोदच काढून टाकला: नुसतं हसायचं, खोटं तर खोटं. हसू तर माझ्या हिशेबी अगदी शुद्ध ‘व्हायची’ गोष्ट, आणि इथे माणसं ती सकाळी सहाला, शिट्टी वाजली की, करत होती! आमच्या बागेतला क्लब मी कितीदा दुरून पाहिलाय. पहिली दोन मिनिटं ऐकवत नाहीत, इतकं ते हसू बेगडी असतं. मग कुणीतरी समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, त्याची कवळी हलताना दिसते आणि तिथून पुढे कुणालाच थांबता येत नाही. तेच हसू एकट्याने आरशासमोर हसून बघा. पहिल्या मिनिटापलीकडे ते जात नाही. आणि सलग तीन दिवस कुणी दिसलं नाही, तर चौथ्या दिवशी क्लबातले दोघे चप्पल घालून त्याच्या दारात. त्या बागेत फुप्फुसांना होणारा फायदा किती ते डॉक्टर जाणोत. दारात येणारी ती दोन माणसं बागेशिवाय मिळाली नसती.

असंच काहीसं हृदयाच्या बाबतीतही निघालं. गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी करणाऱ्या डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला, आणि त्यावर त्यांनी लिहिलेलं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक २००० साली आल्यापासून मराठी घरांत फिरतं आहे. त्यातून डीन ऑर्निश हे अमेरिकी डॉक्टर आपल्याकडे पुष्कळांना माहीत झाले. ऑर्निश यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं, की तेल-तूप जवळजवळ वर्ज्य असलेला शाकाहार, चालणं, योग-ध्यान, तंबाखू बंद आणि रुग्णांनी गटात बसून मोकळं बोलणं, एवढ्यावर हृदयाच्या अरुंद झालेल्या वाहिन्या थोड्या का होईना, रुंदावू शकतात. यातला गट सुरुवातीला कशासाठी होता? माणसांनी पथ्य मोडू नये, एकमेकांवर लक्ष ठेवावं, एवढ्यासाठीच. ऑर्निश यांना पुढे वाटू लागलं, की पथ्याला टेकू म्हणून घेतलेला तो गटच मोठं औषध होता, आणि १९९८ मध्ये त्यांनी प्रेम आणि आयुष्य यांच्या नात्यावर वेगळं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे त्या सगळ्यातून काय उचललं गेलं? बिनतेलाची भाजी.

माणसं जोडायला म्हणून जमली की अवघडतात आणि दुसऱ्याच कामासाठी जमली की जुळतात, याचा सगळ्यात मोठा दाखला मला लोकलच्या लेडीज डब्यात मिळाला. जन्माची नोकरी मी त्या डब्यातून केली. ५ मे १९९२ ला चर्चगेट–बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली त्याची बातमी आम्ही आमच्या मध्य रेल्वेवर असूयेने वाचली; आमच्या वाट्याला डबाच होता. मेथी निवडून व्हायची, गवारीच्या शिरा निघायच्या, साडीला फॉल लागायचा. दसऱ्याला डब्याला झेंडूचं तोरण, संक्रांतीला उभ्या उभ्या हळदीकुंकू. कुणाचं डोहाळजेवण तर ठाणे ते दादर उरकलेलं. भांडणंही व्हायची, फोर्थ सीटवरून केस ओढण्यापर्यंत. पण त्या डब्यात ‘अर्थपूर्ण नाती’ जोडायला कुणीही चढत नव्हतं. प्रत्येकीला मस्टरवर लाल शेरा पडायच्या आत सही करायची होती. आज माझ्या ज्या चार मैत्रिणी रात्री बाराला उठून येतील, त्या चौघीही ‘कुठे उतरणार?’ या प्रश्नातून मिळालेल्या.

तेव्हा बाईंना माझं उत्तर तयार होतं: मेणबत्त्या ठेवा बाजूला, डबा पकडा.

पण हे उत्तर मला फार वेळ पुरलं नाही. लोकलमध्ये आम्हाला नक्की काय मिळत होतं? घर मागे राहिलेलं, ऑफिस अजून आलेलं नाही. मोबाइल नव्हते. त्या तासाभरात ‘आई, माझा डबा’ नाही की ‘मॅडम, ती फाईल’ नाही. आमच्यावर कुणाचाही हक्क चालत नव्हता, म्हणून गप्पा झाल्या, म्हणून मैत्री झाली. म्हणजे स्वतःसाठी थोडा वेळ हवा, ही बाईंची मूळ मागणी खरीच होती. आधी तो वेळ, मग बाकीचं. फरक एवढाच की आम्ही तो वेळ ‘काढला’ नव्हता. रेल्वेच्या वेळापत्रकाने तो दिला होता. फलाट आणि फलाट यांच्यामध्ये आम्हाला उतरवणं कुणालाच शक्य नव्हतं!

घरात असं वेळापत्रक कोण देणार? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्यात गेलेली दिसतात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. घरकामात भाग घेणारे पुरुष मुळात चारातला एखादाच. अशा घरातल्या बाईला ‘वेळ काढ’ म्हणायचं, तर तिने तो काढायचा कुठून? बहुतेक वेळा दुसऱ्या बाईकडून. पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी, नातवंड सांभाळणारी आजी. माझ्या निवांतपणाखाली कुणाचा तरी दिवस असतो. हे वाईट आहे असं नाही, पण निदान ते वहीत लिहिलं जावं.

माझ्या ओळखीतली एक जण गेली काही वर्षं विस्मरण झालेल्या सासूबाईंचं करते आहे. नवरा फिरतीवर. ती आंघोळीला जाताना न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं ठेवते, कारण सासूबाई उठून गॅसचं बटण फिरवतात. अंगावर दोन तांबे घेतले की कानोसा, पुन्हा दोन तांबे. काड्यापेट्या वरच्या फळीवर पिठाच्या डब्यामागे लपवलेल्या आहेत, तेव्हा सुगंधी मेणबत्तीचा प्रश्नच नाही. तिला भेटून परतणारा प्रत्येक पाहुणा दारात चपला घालताना म्हणतो, ‘स्वतःलाही जप हं.’ मीही म्हणत आले आहे, सगळेच म्हणतात. निरोप घ्यायला ते बरं पडतं. तिला करता येण्याजोगं त्यात काही नाही. तिचा हात स्वतःच्या मास्कपर्यंत पोचतच नाही, कारण दोन्ही हात अडकलेले आहेत.

मग तो लावायचा कुणी? इथे मला बाईंची सूचना मोडीत काढण्यापेक्षा उलटी करावीशी वाटते. लहान मूल स्वतःची काळजी घेत नाही, आजारी माणूस घेत नाही, आणि त्यांचं करणाऱ्या माणसालाही ती सहसा स्वतः घेता येत नाही. आयुष्यातल्या ज्या वर्षांत जपलं जाण्याची खरी गरज असते, त्या वर्षांत ते जपणं दुसऱ्यांनीच करायचं असतं. मघाशी मी करायच्या आणि व्हायच्या अशा दोनच जाती सांगितल्या. त्यात तिसरी घालायला हवी: दुसऱ्याने करायच्या गोष्टी. आणि आपल्याला जे समाधान शोधून सापडत नाही, ते या तिसऱ्या जातीच्या कामात न बोलावता येताना मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय.

हे स्वप्नरंजन नाही. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांच्या पुढाकाराने वेदनाशमन आणि परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) केंद्र सुरू झालं. डॉक्टर-नर्स पुरणार नाहीत हे लवकरच कळलं. मग मलप्पुरम आणि आसपासच्या गावांत साध्या माणसांना, म्हणजे शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी अशांना विचारलं गेलं: आठवड्याला दोन तास द्याल का? देणारे निघाले. थोडं प्रशिक्षण घेऊन ते अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायला लागले. जखम पुसणं, जेवू घालणं, नुसतं जवळ बसणं. २००८ मध्ये केरळ सरकारने या कामाचं स्वतंत्र धोरण आणलं. दर आठवड्याला दोन तास देणारी माणसं तिथे आधी उभी राहिली, सरकारी कागद मागाहून आला.

आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत भिशी आहे, गणपतीची वर्गणी आहे, सहलींचे गट आहेत. माणसं जमवायला आपल्याला शिकवावं लागत नाही. तेव्हा पुढच्या महिला दिनाला वक्त्याचं मानधन वाचवा आणि तुमच्या इमारतीत जिथे कुणी एकटीच आजारी माणसाचं करते आहे अशी घरं एका कागदावर लिहून काढा. एक तरी निघेलच. तिथे आधी फोन करा. औषधं कुठे आहेत, गॅस सिलिंडरपाशी कुठून बंद होतो, म्हातारीला कुठल्या नावाने हाक मारली की ती ओ देते, हे नीट विचारून घ्या. मग जा आणि दोन तास बसा. त्या दोन तासांत घरातली बाई पार्लरला गेली, बँकेत गेली, की खाली बाकावर नुसतीच बसून आली, याची चौकशी करू नका.