कवी, बाजार आणि आपण

कवीविषयी आपल्याकडे दोन तक्रारी नेहमी होतात, आणि बहुधा त्या एकाच तोंडून ऐकू येतात. पहिली अशी की अमुक शायराने फार थोडे लिहिले. दुसरी अशी की तमुक शायर पैशाच्या मागे लागला, बाजारात जाऊन बसला. या दोन्ही तक्रारी करणारे आपण कवितासंग्रह सहसा विकत घेत नाही, ही गोष्ट मात्र चर्चेत कधी निघत नाही. आज मुशायऱ्याची चित्रफीत मोबाईलवर फिरते, किती जणांनी पाहिली याचा आकडा तिच्याखाली दिसतो, आणि त्या आकड्यावरून शायराची पत जोखली जाऊ लागली आहे. अशा वेळी कवीने बाजाराशी किती आणि कसा व्यवहार करावा, हा प्रश्न एकट्या कवीच्या सद्सद्विवेकावर सोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

पूर्वी कदरदान होते, असे आपण सहज म्हणून जातो. गालिबचे आयुष्य डोळ्यांसमोर आणले की हा समज टिकत नाही. पेन्शनच्या हक्कासाठी ते 1828 साली कलकत्त्यापर्यंत गेले. अर्ज-विनंत्यांत वर्षे गेली, पदरात काही पडले नाही. 1850 मध्ये बहादूरशहा जफरने त्यांना पदरी घेतले ते तैमूर घराण्याचा इतिहास लिहिण्यासाठी, वर्षाला 600 रुपयांवर. कसीदे त्यांनी बादशहासाठी लिहिले, इंग्रज साहेबांसाठी लिहिले, विक्टोरिया राणीसाठीही लिहिले. ज्या उर्दू दीवानामुळे आपण त्यांना ओळखतो, त्यात शेर आहेत अठराशेच्या आसपास; तरुणपणी लिहिलेले कितीतरी त्यांनी स्वतःच गाळून टाकले होते. दरबार हाही बाजारच होता, फक्त तिथे गिऱ्हाईक एकच असे.

मुंबईने हे गिऱ्हाईक बदलले. 1945 साली मुंबईच्या एका मुशायऱ्यात मजरूह सुलतानपुरींना ऐकून निर्माते ए. आर. कारदार यांनी त्यांना चित्रपटासाठी लिहायला बोलावले. मजरूहनी आधी नकार दिला. मग त्यांचे उस्ताद जिगर मुरादाबादी यांनी त्यांना समजावले की घर चालवायचे असेल तर हे काम करण्यात काही गैर नाही. 1946 च्या ‘शाहजहान’पासून पुढे पाच दशके मजरूह गाणी लिहीत राहिले. 1993 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला; तो मिळालेले ते पहिले गीतकार. आणि त्यांच्या गझला? ‘गझल’ नावाचा एक सडपातळ संग्रह. टीकाकारांनी त्यावरून निकाल देऊन टाकला की सिनेमाने गझल खाल्ली.

आम्हाला हा निकाल घाईचा वाटतो. मजरूह मुळात कमी लिहिणारे, शेर घासूनपुसून ठेवणारे शायर होते. शिवाय याच माणसाने स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत नेहरूंवर टीका करणारी कविता वाचली, माफी मागायला नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. त्या काळात घर चालावे म्हणून राज कपूर यांनी त्यांच्याकडून एक गाणे लिहून घेतले आणि हजार रुपये दिले, असे सांगतात. ज्याला आपण बाजारात बसलेला म्हणतो, तो विकायचे काय आणि नाही काय हे ओळखून होता.

तरीही या धंद्याची रीत कवीला सोयीची नाही, हे मान्य केले पाहिजे. चाल आधी बांधली जाते, शब्द मागाहून बसवायचे असतात. कैफी आझमींनी या प्रकाराचे वर्णन केले होते ते असे, की कबर आधी खोदून ठेवायची आणि मग तिच्या मापाचे प्रेत शोधत हिंडायचे. गंमत अशी की याच कैफींनी 1970 च्या ‘हीर रांझा’चे सगळे संवाद पद्यात लिहिले. कबरीच्या मापातही ते काही वेगळे करून गेले.

साहिर लुधियानवींचे उदाहरण आणखी गुंतागुंतीचे आहे. वेश्यावस्तीवरची त्यांची ‘चकले’ ही नज्म ‘प्यासा’त आली तेव्हा तिचे फारसीने भारलेले पालुपद त्यांनी सोपे केले. मूळ नज्मेत जो उपरोधाचा डंख होता तो शब्दांबरोबर थोडा बोथट झाला, असे आमचे मत आहे. पण ती नज्म उर्दू न वाचणाऱ्या लाखो माणसांच्या कानी पडली, त्यांत आपल्या मराठी मुलखातले टांगेवाले होते, गिरणीतले बदली कामगार होते. ही तडजोड म्हणायची की कवितेचे भाग्य? आम्ही अजून कोणत्याही एका बाजूला झुकू शकलेलो नाही. ‘प्यासा’ची कथाही पाहा. 1957 चा हा चित्रपट. कवीचे भाऊ त्याच्या कविता रद्दीत विकतात, आणि तो मेला असे समजताच प्रकाशक त्यावर पैसा करतो. हे चित्र बाजारानेच काढले आणि बाजारातच खपवले.

दुसरी वाटही होती. अख्तर-उल-ईमान यांनी चित्रपटांचे संवाद लिहून संसार केला. ‘वक्त’सारखा गाजलेला चित्रपट त्यांच्या नावावर आहे. गाण्यांपासून मात्र ते दूर राहिले. ज्या हाताने नज्म लिहायची तो हात भाड्याने द्यायचा नाही, असा हा हिशेब दिसतो. ‘यादें’ या त्यांच्या संग्रहाला 1962 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीत अरुण कोलटकरांचे तसेच. जाहिरातीच्या क्षेत्रात त्यांनी चित्रकार म्हणून नाव कमावले, ते त्यांचे पोट. 1977 मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आल्या आणि पुढचा मराठी संग्रह यायला पाव शतक उलटले. मग मृत्यूच्या तोंडावर, 2003-04 च्या सुमारास, एकामागून एक पुस्तके आली. मधल्या वर्षांत कोणी त्यांना ‘संपलेला कवी’ म्हटले असते तर आकड्यांच्या हिशेबात ते खरेच ठरले असते.

आमच्या मते मेख इथे आहे. बाजार कवीची ओळ विकत घेतो, त्याने कवीचे फारसे बिघडत नाही; सुतार टेबल विकतो तसेच ते आहे, आणि ती कष्टाची हलाल रोजी आहे. बिघडते तेव्हा, जेव्हा कवीचे थांबणे बाजाराला खपेनासे होते. न लिहिण्याचे दिवस, खोडून टाकलेली पाने, महिनोन् महिने मनात घोळणारा एक मिसरा, यांना बाजाराच्या वहीत रकाना नाही. दर जुम्म्याला एक नवी गझल हवी, प्रत्येक जलशात टाळीचा शेर हवा. मागणी पुरवता पुरवता कवी स्वतःचीच नक्कल करू लागतो. हे रसिकांच्या कौतुकानेही होते, त्यासाठी निर्माताच असावा लागतो असे नाही.

याचा अर्थ गरिबी कवितेला पोसते असा कोणी घेऊ नये. उपाशी कवीचे गोडवे भरल्या पोटाचे लोक गातात. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी डफावर थाप मारून सभा पेटवल्या, आणि ‘कलश’, ‘धरतीमाता’ हे संग्रहही दिले. मंचावरच्या शाहिराने कवीला अधिक निवांतपणा मिळू दिला असता तर आणखी काय आले असते, हा विचार आम्हाला नेहमी छळतो.

कायद्याने थोडे केले आहे. पूर्वी गीतकार गाण्याचे सगळे हक्क निर्मात्याला लिहून देत असे आणि गाणे पन्नास वर्षे वाजले तरी त्याला काही मिळत नसे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सोडून देता न येणारा ठरवला; त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर बोलले होते. पण हे झाले चित्रपटाचे. आपल्या गावोगावच्या मुशायऱ्यांना आणि कविसंमेलनांना असा कायदा नाही. तिथे मंडपवाला बयाणा घेतल्याशिवाय बांबू उतरवत नाही, माइकवाल्याचा दर ठरलेला असतो, बिर्याणीची देग मोजून सांगितलेली असते. शायराला शाल, नारळ आणि परतीच्या एस.टी.चे भाडे, तेही कार्यक्रम संपल्यावर खजिनदार सापडला तर. पुढच्या वेळी खर्चाचा अंदाज मांडताना कवीचे मानधन यादीच्या पहिल्या ओळीत लिहावे, आणि त्याला आमंत्रण देताना ‘काहीतरी नवीन आणा’ ही अट घालू नये.