पाचवे कारण

कुठल्याही कर्माची पाच कारणे गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करण म्हणजे साधन, चेष्टा म्हणजे क्रिया आणि पाचवे दैव. दैव शेवटी आहे, आणि पाचांतले एकच आहे. आपल्याकडे मात्र अपघात झाला की ते पहिल्या जागी येऊन बसते. ‘वेळच आली होती’ म्हटले की उरलेल्या चारांची चौकशी तिथेच थांबते. मला हे फार खटकते, आणि हिवाळी टायर चढवायचे दिवस आले की जास्तच खटकते.

आम्ही दक्षिण जर्मनीत, आल्गॉय भागात राहतो. फियाट दुकाटोच्या सांगाड्यावर बांधलेले साडेतीन टनी मोटरहोम आमच्याकडे आहे. थंडीत ते घेऊन आम्ही ऑस्ट्रियातल्या टिरोलमधला फर्न पासचा घाट ओलांडतो. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली ताठर होऊ लागते. हिवाळी टायरचे मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फावर पकड घेतात. जर्मन कायदा तारीख ठरवून देत नाही. रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेले पाणी असेल तर हिवाळी टायर हवेत, एवढेच तो सांगतो. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरे व हिमकण हे चिन्ह असलेलेच टायर त्यात धरतात. लोकांचा ढोबळ हिशेब ऑक्टोबर ते ईस्टर असा असतो. खंडेनवमीही बहुतेक वर्षी ऑक्टोबरातच येते, म्हणून त्याच सुमारास मी अंगणात चाके बदलायला काढते.

माझे वडील, अण्णा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. खंडेनवमीला ते सगळे पाने आधी रॉकेलने धुवायचे, कापडाने कोरडे करायचे, धुतलेल्या चादरीवर मापाप्रमाणे ओळीने मांडायचे आणि मगच हळदकुंकू, झेंडू. ग्रीस लागलेल्या पान्याला ते आम्हाला कुंकू लावू देत नसत. दसऱ्याला गाड्यांना हार घालायच्या आधी हातोडी घेऊन प्रत्येक चाकाचे नट ठोकत फिरायचे. घट्ट नट खणखणतो, सैल झालेला बद्द वाजतो. पूजा आणि तपासणी ही दोन कामे आहेत असे मला त्यांच्याकडे पाहून कधी वाटलेच नाही.

माझी लेक इथेच वाढली. टायर बदलायला तीच मदतीला असते आणि प्रश्नही तीच विचारते. ‘आई, नमस्कार करतेसच, तर टॉर्क रेंच कशाला? आणि रेंच लावतेसच, तर कुंकू कशाला?’ प्रश्न खरा आहे आणि त्याचे दोन्ही भाग वेगवेगळे आहेत.

पहिल्या भागाचे उत्तर मला स्पष्ट दिसते. भरधाव साडेतीन टनी गाडीचे चाक निखळले तर ते माझ्या अंगावर येत नाही. ते समोरच्या लेनमध्ये जाते. तिथे जो कोणी येत असेल त्याने माझ्या देवाला नवस केलेला नाही. मी स्वतःला दैवावर सोडू शकते, त्या माणसाला सोडण्याचा अधिकार मला कोणी दिला? म्हणून पहिली चार कारणे पुरती फेडायची. जॅकखाली जाड फळी, कारण फरशी भाराने खचते. हँडब्रेक या गाडीत मागच्याच चाकांना धरतो, म्हणून मागची बाजू उचलताना गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि पुढच्या चाकांना उटी. बोल्ट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायचे: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोम वर्षातले कितीतरी महिने उभेच असते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. दिसण्यावर जाण्यात इथे मोठा धोका आहे.

दुसऱ्या भागाचे उत्तर मला रेंचनेच दिले. आमच्या १६ इंची चाकांना गाडीच्या पुस्तकात १८० न्यूटन मीटर सांगितले आहेत. तेवढा जोर लागला की रेंच टक् करतो आणि सगळ्यांना वाटते, झाले. पण रेंच काय मोजतो? मी लावलेला जोर. त्यातला बहुतेक जोर आटे आणि बोल्टच्या डोक्याखालचे घर्षण खाऊन टाकते. चाकाला आवळून धरायला थोडाच उरतो, आणि तो किती, ते रेंच सांगत नाही. हबवर गंजाचा पापुद्रा राहिला असेल तर टक् तसाच ऐकू येतो. मग गाडी धावू लागते, पापुद्रा दबतो आणि पकड ढिली पडते. म्हणून आधी तारेच्या ब्रशने हब लख्ख घासायचा, आणि ५० किलोमीटरनंतर थांबून सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे. ते तपासतानाही मोजला जातो तो जोरच. पकड डोळ्यांनी कोणी पाहत नाही. चेष्टा मोजता येते, फळ येत नाही. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे मी जन्मभर ऐकत आले. ते विरक्तीचे बोल वाटायचे. हातात रेंच असताना मला ते वस्तुस्थितीचे साधे वर्णन वाटते.

आणि फळ तरी कसले? घाट उतरून आलो आणि काही घडले नाही, हेच. न घडलेल्या अपघाताचा पुरावा नसतो. बोल्टमुळे वाचलो, टायरमुळे, की पुलावर त्या रात्री पाणी गोठलेच नाही म्हणून, हे कळायला मार्ग नाही. आपली चारही कारणे चोख असताना जे उरते त्याला गीतेने जागा ठेवली आहे, आणि मला ती प्रामाणिकपणाची जागा वाटते. ती पुसून टाकली तर सुखरूप पोहोचलेला प्रत्येक जण सारे श्रेय स्वतःला घेईल, आणि ज्याचे चाक घसरले त्याच्या निष्काळजीपणाची खात्री धरून बसेल. असा निवाडा करणारी माणसे मी इथेही पाहिली आहेत, गावाकडेही.

लेकीचे म्हणणे, त्या उरलेल्याला योगायोग म्हण, देव कशाला मध्ये आणतेस? तिच्याशी माझे भांडण नाही. हब माझ्यापेक्षा तीच नीट घासते. पण योगायोगापुढे हात जोडता येत नाहीत, आणि मला ते जोडायचे असतात. माझ्या गाडीसाठी रेंच आहे. समोरून येणाऱ्याचे बोल्ट कोणी, कसे आवळलेत ते मी पाहिलेले नाही, माझे त्याने पाहिलेले नाहीत, आणि तरीही त्या अरुंद घाटात आम्ही हातभर अंतरावरून एकमेकांना जाऊ देतो.