खोटी तलवार, खरी खाच

क्राकूफच्या एका कारागिराच्या दुकानात मी ‘श्चेर्बियेत्स’ हातात धरली. ही पोलिश राजांच्या राज्याभिषेकाची तलवार. अर्थात नक्कल. अस्सल वावेलच्या किल्ल्यात आहे, आणि तिला हात लावायचा तर निदान राजा तरी असावं लागतं. आमची मजल सोसायटीच्या चिटणीसपदापर्यंत!

नावाचा अर्थ ‘खाच पडलेली’. म्हणे १०१८ साली बोलेस्वाफ राजाने ती कीवच्या सुवर्णद्वारावर हाणली आणि धारेला खाच पडली. आता पंचाईत बघा. ते द्वार बांधलं राजा वारल्यावर, तलवार बाराव्या-तेराव्या शतकातली, आणि पात्याला खाच म्हणाल तर तीही नाही! तरी १३२० पासून राजे हिच्याच साक्षीने गादीवर बसले. पुढे प्रशियाने लुटलेले मुकुट वितळवले. ही तेवढी वाचली.

कारागिराने मुठीवरचं लॅटिन अक्षरन् अक्षर हाताने कोरलं होतं. मी म्हटलं, “एवढं केलंत, एक खाचही पाडा की! लोकांना बरं वाटेल.”

तो म्हणाला, “मी नक्कल करतो, साहेब. खोटं करत नाही.”

मला हा फरक तोवर कुणी सांगितलाच नव्हता. आमच्याकडे दोन्ही एकाच दुकानात मिळतं. रात्रभर तेच डोक्यात. किंमत ऐकून तलवार मात्र तिथंच ठेवली होती.

घरी आल्यावर नातवाला सुवर्णद्वाराची गोष्ट रंगवून सांगितली. डोळे विस्फारून तो म्हणाला, “आजोबा, ती खाच तुम्ही पाहिलीत?”

“पाहिली म्हणजे? बोट फिरवलं मी तिच्यावरनं!”