फाटकाची किल्ली कोणाच्या हाती?



श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांची गोष्ट (लूक, अध्याय १६) आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकली आहे. त्या श्रीमंताने लाजरसला मारले नव्हते. त्याचे काही लुबाडले, असेही प्रभू येशू सांगत नाही. लाजरस फाटकाबाहेर पडून होता आणि फाटकाच्या आत रोज मेजवानी चालू होती, एवढेच. तरीही शेवटी दोषी ठरला तो श्रीमंत. फाटक त्याचे होते, ते उघडणे त्याच्या हाती होते, म्हणून बाहेरच्या भुकेची जबाबदारीही त्याच्याकडे आली.

गेली काही वर्षे गाझाच्या बातम्या आपण वाचत आहोत. मिस्सानंतर आवारात थांबलो की कधी कधी त्यावर बोलणेही होते. एकजण म्हणतो, इस्राएलने वाट अडवली म्हणून लोक उपाशी मेले. दुसरा म्हणतो, हमासने हल्ला केला म्हणून वाट अडवली गेली. दोघांच्याही बोलण्यात एक समजूत असते: एकाचा दोष सिद्ध झाला की दुसरा आपोआप सुटला. ही समजूत खरी आहे का, हा आजचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना दुसऱ्यांच्या घरापासून सुरुवात नको. आपल्या देशानेही एकदा सरहद्द बंद केली होती, आणि त्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती.

गोव्याची नाकेबंदी

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला, पण गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेली पोर्तुगालच्याच ताब्यात राहिले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार वाटाघाटींना तयार नव्हता. १९५१ साली त्याच्या सरकारने या वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नवे नाव दिले आणि हा पोर्तुगालचाच भाग आहे, असे जगाला सांगितले. गोव्यात स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्यांना तुरुंगात टाकले जाई. कॅथोलिक घरात जन्मलेल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना तर थेट पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात नेऊन कैदेत ठेवले.

१९५४ पासून भारताने गोव्याशी असलेल्या ये-जा आणि व्यापारावर निर्बंध घालायला सुरुवात केली. १९५५ साली पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीने सत्याग्रहींच्या तुकड्या पाठवल्या. पहिल्या तुकडीबरोबर सेनापती बापट आणि ना. ग. गोरे होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण ठार झाले. त्यानंतर भारताने सरहद्द जवळजवळ बंदच केली. कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारी रेल्वे थांबली, मालाची वाहतूक थांबली, परवान्याशिवाय जाणे-येणे अशक्य झाले.

याचा अर्थ काय होता, हे ज्यांची मुळे गोव्यात आहेत त्या आपल्या कुटुंबांना वेगळे सांगायला नको. मुंबईत त्या काळी हजारो गोवेकर होते: बोटीवरचे खलाशी, आचारी, आया, बँडवाले. गावागावाच्या ‘कुडा’त राहायचे आणि महिन्याकाठी घरी पैसे पाठवायचे. ती मनीऑर्डरीची वाट अडली. आईच्या आजारपणाला, बहिणीच्या लग्नाला, बापाच्या मातीला वेळेवर पोहोचण्यासाठी परवान्याची वाट पाहावी लागली. बांदा-सावंतवाडीची सोयरीक पेडणे-डिचोलीशी पिढ्यान्पिढ्यांची, तिच्या मधोमध आता चौकी उभी होती. हे अनेक वर्षे चालले, आणि १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरून पोर्तुगीज अंमल संपला.

आणि सालाझारचे काय झाले? त्याचे सरकार गुडघ्यावर आले नाही. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून येऊ लागला. दाभोळीला विमानतळ उभा राहिला. लोहखनिजाची निर्यात उलट वाढली आणि खाणमालक श्रीमंत झाले. चोरट्या मालाचा धंदाही फोफावला. ज्याच्यावर दाब आणायचा होता त्याला दुसरी वाट सापडली. ज्याला दुसरी वाट नव्हती, त्याच्यावर सगळा भार पडला.

दोष वाटून कमी होत नाही

आता विचारू या, त्या हालांना जबाबदार कोण? सालाझार जबाबदार, यात शंका नाही. परक्या भूमीवरचा हक्क त्याने सोडला नाही आणि निःशस्त्र माणसांवर गोळ्या घातल्या. पण मनीऑर्डर त्याने थांबवली नव्हती. ती थांबवली आपल्या सरकारने, आणि त्या सरकारला आपण निवडून दिले होते. गोव्याचे स्वातंत्र्य न्याय्य होते, आपले सरकार बरोबर बाजूला होते, तरीही चौकीची किल्ली आपल्याकडे होती हे सत्य बदलत नाही.

आपण दोषाकडे अनेकदा भाकरीसारखे पाहतो. एकाने मोठा तुकडा घेतला की दुसऱ्याला लहान उरतो, असे आपल्याला वाटते. पण पापाचा हिशेब तसा नसतो. कबुलीसंस्काराला आपण गुडघे टेकतो तेव्हा शेजाऱ्याचे पाप सांगत नाही. सांगितलेच तर फादर मध्येच थांबवून विचारतात, “ते राहू दे, तू काय केलेस?” पिलाताने हात धुतले तेव्हा जमाव खरोखरच ओरडत होता. जमावाचा दोष खरा होता. पण शिक्षेचा अधिकार पिलाताचा होता, म्हणून त्याचे हात पाण्याने स्वच्छ झाले नाहीत.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद १८६८) याच दिशेने शिकवण देतो. दुसऱ्याच्या पापात आपण अनेक प्रकारे सहभागी होतो: स्वतः त्यात उतरून, हुकूम देऊन, सल्ला किंवा शाबासकी देऊन, थांबवणे आपले कर्तव्य असताना न थांबवून, आणि पाप करणाऱ्याला पाठीशी घालून. सर्वांचा वाटा सारखा नसतो. हुकूम देणारा मंत्री आणि चौकीवरचा शिपाई सारखे नाहीत. पेपर वाचून “बरे झाले, असेच पाहिजे” म्हणणारा नागरिक त्या दोघांइतका दोषी नाही, पण अगदी निर्दोषही नाही. ज्याच्या हाती जेवढी सत्ता, तेवढी त्याची जबाबदारी. फाटकामागच्या लहान मुलाच्या हाती सत्ता नसते, म्हणून शिक्षेतला कोणताही वाटा त्याच्याकडे जाता कामा नये. नाकेबंदीत नेमके उलटे होते.

कधी कधी किल्ली आपल्याकडे आहे हेच कोणी कबूल करत नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंपाने नेपाळ उद्ध्वस्त झाला. त्याच वर्षी सप्टेंबरपासून काही महिने भारताच्या सरहद्दीवरून इंधन आणि औषधे जाईनाशी झाली. नेपाळचे सरकार म्हणाले, भारताने अडवले. आपले सरकार म्हणाले, आम्ही अडवलेले नाही, तिकडच्या मधेशी आंदोलकांमुळे ट्रक थांबले आहेत. हा वाद चालू असताना गॅसअभावी चुली बंद पडल्या त्या सामान्य घरांतल्या. आपल्या सोसायट्यांमध्ये रात्रपाळी करणाऱ्या नेपाळी भावांची घरेही त्याच देशात आहेत.

हेतू चांगला असला तर?

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. अन्याय करणाऱ्या सत्तेवर दाब आणायचा कसा? सैन्य पाठवले तर रक्त सांडते. त्यापेक्षा सरहद्द बंद करणे बरे नाही का? नेहरूंनी अनेक वर्षे सैन्य पाठवायचे टाळले, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. हा लढा धर्माविरुद्ध नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. जुलै १९५५ मध्ये रोम येथे पोप बारावे पायस यांची भेट घेतल्यावर, गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोप महोदयांनाही मान्य असल्याचे त्यांनी सांगितले.

सरहद्दीवर निर्बंध घालणे नेहमीच पाप आहे, असे ख्रिस्तसभाही म्हणत नाही. सामाजिक शिकवणुकीचा जो सारग्रंथ २००४ साली निघाला, त्यात (परिच्छेद ५०७) काही अटी दिल्या आहेत. निर्बंधांचा हेतू स्पष्ट असावा. त्यांच्या परिणामांची वेळोवेळी तपासणी व्हावी. आर्थिक कोंडी असेल तर तिला मुदत असावी. दोषी आणि निर्दोष असा भेद न करता सगळ्यांनाच तिचा फटका बसत असेल, तर तिचे समर्थन होत नाही. संपूर्ण जनतेला शिक्षा करण्यासाठी हे हत्यार कधीही वापरू नये. पोप जॉन पॉल दुसरे १९९८ साली क्यूबाला गेले तेव्हा तिथल्या कम्युनिस्ट राजवटीपुढे त्यांनी स्वातंत्र्याची मागणी केली, आणि त्या देशावर बाहेरून लादलेले आर्थिक निर्बंधही अन्याय्य म्हटले. एकाला बोलले म्हणून दुसऱ्याला सोडले नाही.

आश्चर्य म्हणजे असाच एक भेद आपल्या जवळच्याच भूमीवरून जगाच्या न्यायालयात झाला. दादरा आणि नगरहवेली नाशिकपासून फार दूर नाही. १९५४ साली तिथला पोर्तुगीज अंमल उठला आणि भारताने दमणहून तिकडे जाणारी वाट बंद केली. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना जाण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता. तेव्हाच्या तणावामुळे ती वाट थांबवण्यात भारताने नियम मोडला नाही, असेही न्यायालयाने म्हटले. निकाल आपल्या बाजूचा होता. पण त्यातला भेद सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. बंदूक अडवणे वेगळे आणि तांदळाचे पोते अडवणे वेगळे.

आपल्या नाशिकने या प्रश्नाला आणखी एक उत्तर दिले आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. समोर दरवाजे बंद होते. सत्याग्रहींनी दगड सोसले, तुरुंग सोसला. १९५५ साली गोव्याच्या हद्दीत गेलेल्यांनीही तेच केले. सत्याग्रही दुःख स्वतःच्या अंगावर घेतो. नाकेबंदी करणारा ते दुसऱ्याच्या अंगावर टाकतो, आणि बहुधा सर्वांत दुबळ्याच्या. दोघांचा हेतू एकच असला तरी दोघांची वाट एक नाही. क्रूस कोणता, हे ओळखणे आपल्याला कठीण जाऊ नये.

गाझाकडे पुन्हा

हे लक्षात ठेवून गाझाकडे पाहू. २००७ साली तिथे हमासची सत्ता आल्यापासून इस्राएलने आणि दक्षिणेकडे इजिप्तने त्या पट्टीची कोंडी केली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलमध्ये शिरून सुमारे १२०० माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास माणसांना ओलीस नेले. हे घोर पाप होते, आणि ओलिसांना कोंडून ठेवणे हेही एक बंद फाटकच होते. त्यानंतर इस्राएलच्या संरक्षणमंत्र्यांनी वीज, अन्न, इंधन सगळे तोडण्याची घोषणा केली. २ मार्च २०२५ पासून जवळजवळ अकरा आठवडे मदतीचा ट्रकही आत सोडला नाही. ऑगस्टमध्ये गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर झाला. हमासने केलेल्या हत्येचा जाब हमासला द्यावा लागेल. पिठाची पोती अडवल्याचा जाब ज्यांनी ती अडवली त्यांना, आणि ज्यांनी त्यांना पाठबळ दिले त्यांनाही द्यावा लागेल. एकाची कबुली दुसऱ्याच्या नावावर जमा होत नाही.

त्या पट्टीत आपले एकच कॅथोलिक चर्च आहे, पवित्र कुटुंबाचे. युद्धाच्या काळात पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करून विचारपूस करीत, अगदी एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत. १७ जुलै २०२५ रोजी त्या चर्चवर तोफगोळा पडून तिघे मरण पावले. पोप महोदयांच्या हाती सरहद्दीची किल्ली नव्हती. फोन होता, तो त्यांनी वापरला.

आपल्या हातातल्या किल्ल्या

गाझाचे फाटक आपण उघडू शकत नाही. पण फाटके गावातही असतात. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे अहिल्यानगर आणि संभाजीनगर जिल्ह्यांतल्या गावांतून आली आहेत. पाणवठा बंद करणे, दुकानातून सामान न देणे, मयताला खांदा न देणे म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांनी पाहिले आहे. वाळीत टाकणे ही गावपातळीवरची नाकेबंदीच. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली त्याविरुद्ध कायदा संमत केला आणि २०१७ पासून तो लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्यालाच नव्हे, त्याला मदत करणाऱ्यालाही तो गुन्हेगार मानतो. पंच हुकूम देतात, किराणावाला पुडी बांधत नाही, शेजारी दार लावून घेतो. तिघांचा वाटा वेगळा, पण तिघांचाही वाटा आहेच.

म्हणून या आठवड्यात घरी रोझरीनंतर दोन प्रश्न एकमेकांना विचारू या. भाऊबंदकीत, सोसायटीत, आपल्या धर्मग्रामात आपण कोणाची वाट अडवली आहे का? बांधावरचा रस्ता, नळाचे पाणी, लग्नाचे आमंत्रण, साधा नमस्कार, काहीही असेल. आणि दुसरा: “त्याने असे केले म्हणून” हे कारण आपण किती वर्षे सांगत आहोत? ते कारण खरेही असेल. पण फाटक आपले आहे, आणि लाजरस बाहेर आहे.