झुरळांची अमानत

माझा भाचा झुरळे पाळत असे. कळंबमध्ये आमच्या मोहल्ल्यात हे सांगितले की ऐकणारा आधी हसतो, मग नाक मुरडतो. कबुतरे पाळणाऱ्याला कोणी हसत नाही. शेळ्या-कोंबड्या तर घरोघरी. आमच्या जिल्ह्यात तुती लावून रेशमाचे किडे जोपासणारे शेतकरी आहेत. त्यांनाही कोणी वेडे म्हणत नाही, कारण कोषाला भाव मिळतो. झुरळाला भाव नाही, रूप नाही, गळा नाही. मग ते पाळायचे कशासाठी?

त्याची झुरळे मोरीतली नव्हती. अंगणातल्या कडुलिंबाखाली साचलेल्या पाल्यात ती त्याला सापडली. गव्हाच्या दाण्याएवढी, तपकिरी, कडेने फिकट किनार असलेली. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्याला सुईने भोके पाडून त्याने आत माती, वाळका पाला आणि गाजराची चकती ठेवली. काही दिवसांनी माद्यांच्या पोटामागे अंड्यांची इवलीशी कुपी दिसू लागली आणि पुढे मोहरीपेक्षा बारीक पिल्ले पाल्याखाली पळू लागली. अम्मी कपाळाला हात लावून म्हणाली, "लोगां बकरियां पालते, ये झुरळां पाल रा!"

मीही हसलो होतो. पण तो सांगत गेला तसा गप्प झालो. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती आहेत. माणसाच्या घराशी संबंध येतो तो सुमारे तीस जातींचा आणि त्यांतही खरा उपद्रव मोजक्याच जातींचा. बाकीची रानात, पाल्यात, कुजक्या लाकडात राहतात आणि पाल्याची माती करतात. अमेरिकेत पाने कापणाऱ्या मुंग्यांच्या वारुळात अवघ्या तीन मिलिमीटरचे झुरळ राहते. नवे वारूळ वसवायला निघालेल्या राणीमुंगीच्या अंगावर बसून ते प्रवास करते. दक्षिण भारतात काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेले एक झुरळ आहे. 1758 साली लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याने ते भुंग्यांच्या जातीत घातले होते. आज युरोप-अमेरिकेतले शौकीन ते डब्यांत वाढवतात.

म्हणजे गुन्हा मोजक्यांचा आणि बदनामी साऱ्या जमातीची. हा हिशेब आपल्याला नवा नाही. एका हदीसमध्ये एका पैगंबरांची हकिकत आहे. त्यांना एक मुंगी चावली आणि त्यांनी मुंग्यांचे सारे वारूळ जाळायला लावले. तेव्हा अल्लाहकडून त्यांना जाब विचारला गेला की एका मुंगीसाठी तुम्ही तस्बीह करणारी एक अख्खी उम्मत जाळलीत? सूरह अनआममध्येही जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जिवांना माणसांसारख्याच उम्मती म्हटले आहे. 'झुरळ' हा शब्द तर माणसांवरही फेकला गेला आहे. 1994 साली रवांडात रेडिओवरून तुत्सी लोकांना पुनःपुन्हा झुरळे म्हटले गेले आणि सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. आधी नाव दिले जाते, मग चेहरा पाहण्याची गरज उरत नाही. तिरस्कार नेहमी दुरूनच करता येतो.

भाच्याच्या छंदाचे मोल मला इथे दिसले. तो वाकून बघत होता. पण माझा खरा प्रश्न इथून पुढचा आहे. जवळून बघितल्यावर काय?

बारावीनंतर तो शिकायला छत्रपती संभाजीनगरला गेला आणि डबा माझ्याकडे आला. "मामू, दोन दिवसांआड पाणी शिंपडा, विसरू नका," एवढेच त्याने सांगितले. पोपट मालकाला ओळखतो, शेळी आवाजाला येते. झुरळ कधीच कोणाला ओळखणार नाही. झाकण उघडले की ती माझ्यापासून पळत. तिथे कौतुक नाही, शुक्रिया नाही. आणि एक गोष्ट मनाला टोचू लागली. ही पिल्ले आमच्या मर्जीने जन्माला आली होती. त्यांचा पाऊस म्हणजे माझ्या हातातली पाण्याची बाटली. शौक भाच्याचा संपला असता तरी त्यांचे जगणे संपणार नव्हते.

मांजर बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिने मांजराला खाऊ घातले नाही आणि स्वतःचे पोट भरायला सोडलेही नाही. तिला शिक्षा झाली ती पाळल्याबद्दल नव्हे. बांधले आणि विसरली याबद्दल. मला वाटते, पाळण्यातला गुनाह बहुधा क्रौर्याच्या वाटेने येत नाही. तो कंटाळ्याच्या वाटेने येतो.

आणि मी विसरलो. एप्रिलमधल्या एका रात्री स्वयंपाकघरात मोठी झुरळे फार झाली म्हणून मी फवारा मारला. डबा तिथेच फळीवर होता. सकाळी उघडला तेव्हा बरीचशी उताणी पडली होती. मोरीतली मेली त्यांचे मला काही वाटले नाही, आणि डब्यातली मेली त्यांच्यासाठी घशात काहीतरी अडकले. जीव तोच, फवारा तोच. फरक एवढाच की डब्यातल्यांची जबाबदारी मी घेतली होती. भाच्याला फोन केला. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "पिल्लं वाचली का, मामू?" काही वाचली होती.

पहिला पाऊस पडल्यावर त्याच्या संमतीने ती पिल्ले त्याच कडुलिंबाखाली ओल्या पाल्यात सोडली. ती इथलीच होती म्हणून हे चालले. परमुलखातली असती तर तसे सोडणेही इथल्या जिवांवर अन्याय ठरला असता आणि डबा शेवटपर्यंत सांभाळावा लागला असता. म्हणून छंद करणाऱ्याने जीव घरी आणण्यापूर्वीच स्वतःला विचारावे की मन उडाले तरी माझा हात पाणी घालत राहील का? उत्तर नाही असेल, तर पाल्याखालीच बघून यावे.

मोरीतल्या झुरळांशी माझी सुलह झालेली नाही. त्रास देणाऱ्या जिवाला मारायची मुभा मी वापरतो. चप्पल अजूनही उचलतो. पण आता आधी वाकून बघतो, कोण आहे ते.